अब्बा आये रे!

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलचा ओळखीचा आवाज येतो आणि घरातले सर्वांत धाकटे पिल्लू खिडकीतून दबक्या आवाजात पुकारते, "अब्बा आये रे!" पुढच्या अर्ध्या मिनिटात घरात जी चपळाई दिसते ती अग्निशामक दलालाही जमणार नाही. टीव्ही बंद होतो. मोबाइल उशीखाली जातो. पाच मिनिटांपूर्वी ज्या किल्ल्याच्या भिंती होत्या त्या पुन्हा सोफ्याच्या गाद्या होतात. कोणी भूगोलाची वही उघडतो, कोणी नूरानी कायदा उघडतो, आणि ज्याने सर्वांत जास्त दंगा केलेला असतो तो सरळ झोपेचे सोंग घेतो. आम्ही आत पाऊल टाकतो तेव्हा घर इतके शांत असते की जणू दहावीचा गणिताचा पेपर चालू आहे.

आम्ही बापमंडळी या शांततेवर फार खूश असतो. मुले सलाम करतात, पाण्याचा ग्लास येतो, पंख्याचा वेग न सांगता वाढतो. आम्ही मनात म्हणतो, माशाल्लाह, मुलांमध्ये अदब आहे! टीव्हीच्या पाठीला हात लावून पाहावे असे कोणाला सुचत नाही. लावला तर कळेल की अदब अजून कोमट आहे.

मुळात या घरात आमची सत्ता उरली आहे किती? एकेकाळी कुटुंबप्रमुख म्हणून शिधापत्रिकेवर आमचे नाव असायचे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने तेही पद घरातल्या ज्येष्ठ महिलेला देऊन टाकले. कायदा उशिरा आला एवढेच, अंमलबजावणी आमच्या घरांत फार पूर्वीपासून होती. मीठ संपले की नाही, गॅसचा नंबर कधी लावला, कोणत्या मुलाला कोणत्या बाजूच्या दाढेत दुखते, मामूच्या मुलीच्या निकाहला काय द्यायचे, ही सगळी खाती बेगमसाहिबांकडे. आमच्याकडे राहिले परराष्ट्र खाते. म्हणजे अमेरिका आणि इराण यांनी काय करावे, यावर इशाच्या नमाजनंतर मशिदीबाहेर उभे राहून सल्ला देणे.

नावसुद्धा आमचे एक राहिले नाही. कोकणातल्या आमच्या भावांकडे जुन्या पिढीत बापाला 'बावा' म्हणत, देशावर आणि मराठवाड्यात 'अब्बा' किंवा 'बाबा'. मग अब्बाचे अब्बू झाले, इंग्रजी शाळेने पप्पा केले, आणि परवा एका सातवीच्या मुलाच्या तोंडून "यार अब्बा" असे स्वच्छ शब्दांत ऐकले. वडीलधारी मंडळी 'तौबा तौबा' म्हणाली. पण तो मुलगा 'यार अब्बा' म्हणून पुढे काय बोलत होता ते कोणी ऐकले नाही. तो शाळेत झालेल्या भांडणाची हकीकत सांगत होता, आणि चूक स्वतःची होती हेही सांगत होता. ज्या बापाला त्याचा मुलगा स्वतःची चूक आपणहून सांगतो, त्याने 'यार' या शब्दावर फारसे अडून बसू नये असे आमचे मत आहे.

उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषा वाचणाऱ्या घरांना विनोदी बाप दोन मिळाले. एक इम्तियाज अली ताज यांचे चचा छक्कन. 'अनारकली' नाटक लिहिणारे हेच ते ताज. चचांची तस्वीर टांगण्याची गोष्ट मूळची इंग्रजीतली. जेरोम के. जेरोम यांच्या 1889 च्या पुस्तकातल्या अंकल पॉजर यांच्यावरून ताजसाहेबांनी हे पात्र उचलले आणि त्याला असे पक्के देशी कपडे चढवले की मूळचा साहेब कोणाला आठवू नये. दुसरे आपल्या मराठीतले चिं. वि. जोशी यांचे चिमणराव. चचा भिंतीवर एक तस्वीर लावायला निघतात आणि घरातल्या प्रत्येकाला कामाला लावतात. कोणी खिळा आणा, कोणी हातोडी आणा, कोणी शिडी धरा, कोणी दिवा धरा. शेवटी भिंतीची चाळण, तस्वीर वाकडी आणि चचा मात्र खूश की एवढेसे तर काम होते!

वर्गात ही गोष्ट वाचली की मुले हसून हसून बाकावर डोके ठेवतात. आणि मग एकेक हात वर होतो. "सर, आमचे अब्बा पण असंच करतात. गिझर दुरुस्त करायला घेतला आणि अख्ख्या बिल्डिंगची लाईट गेली." "सर, माझ्या अब्बांनी मच्छरदाणीसाठी खिळा मारला तो पलीकडे शेजाऱ्यांच्या घड्याळाजवळ निघाला." हे सांगताना मुलांच्या चेहऱ्यावर जी चमक असते ती बापाचा पगार सांगताना नसते. बाप किती कमावतो हे चौथीतल्या मुलाला ठाऊक नसते. बाप नळाची चावी उलटी फिरवतो आणि मग घरभर पाणी उडते, हे त्याला जन्मभर आठवते. चचा छक्कन असोत की चिमणराव, त्यांच्यावर त्यांची बायकामुले हसली. पण ते घरी आले म्हणून कोणी झोपेचे सोंग घेतल्याचे त्या पुस्तकांत आमच्या तरी वाचनात नाही.

ईदीचा विषय काढल्याशिवाय कोणत्याही बापाची कैफियत पुरी होत नाही. ईदगाहवरून आलो की आम्ही भावाच्या तीन मुलांना शंभर-शंभराच्या कोऱ्या नोटा देतो. भाऊ आमच्या तिघांना शंभर-शंभर देतो. म्हणजे दोन्ही भावांचे तीनशे-तीनशे गेले आणि तीनशे-तीनशे दोन्ही घरांत आले. मुलांच्या हातात ते जोहरपर्यंत राहतात. मग त्यांची अम्मी म्हणते, "इधर दे, हरवशील, मी सांभाळून ठेवते." त्यानंतर त्या नोटांचा ठावठिकाणा रिझर्व्ह बँकेलाही सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी मुलांनी विचारले तर उत्तर एकच, "गेल्या वर्षीचे बूट काय झाडाला लागले होते?"

पण एका बाबतीत मुलांना फसवता येत नाही. थोरल्या मुलाला दोनशे आणि मुलीला शंभर दिले की आजकाल मदरशात शिकलेली मुलगीच उभी राहते आणि हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हकीकत ऐकवते. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करायला नेले. प्रेषितांनी पहिला प्रश्न विचारला, सगळ्या मुलांना एवढेच दिलेस का? नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी साक्षीदार व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये इन्साफ करायला सांगितले. एवढी सनद समोर आल्यावर बापाला खिशातून आणखी एक शंभराची नोट काढावीच लागते. मुलींना दीन शिकवण्याचे हे खर्चिक फायदे आहेत.

मुलांचा आणि मशिदीचा प्रश्न याहून नाजूक आहे. रमजानमध्ये आम्ही मोठ्या हौसेने पाच-सहा वर्षांच्या पोराला तरावीहला नेतो. नवी टोपी, अत्तराचा फाया. पहिल्या दोन रकअतीत तो कपाळ जमिनीला टेकवतो, तिसऱ्यात शेजारच्या पोराच्या पायाला गुदगुल्या करतो, पाचव्यात दोघे खुदखुदतात. सलाम फिरला की मागून एक चाचा गरजतात, "किसका बच्चा है ये?" त्या क्षणी पूर्ण मशिदीत त्या मुलाला बाप नसतो. आम्ही एकदम तसबीह मोजू लागतो.

आता मदीनेच्या मशिदीत काय झाले होते ते पाहा. प्रेषित (स.) नमाज पढवत होते आणि लहानगा नातू सजद्यात त्यांच्या पाठीवर चढून बसला. सजदा इतका लांबला की मागच्या सहाबांना (रजि.) वाटले, काही झाले की काय, किंवा वही उतरत असावी. नमाजनंतर विचारले तेव्हा प्रेषितांनी सांगितले की तसे काही नव्हते. मुलाने मला स्वारी केली होती, त्याचे मन भरेपर्यंत त्याला घाईने उतरवणे मला आवडले नाही. अख्खी जमात थांबली, एका पोराच्या घोडा घोडा खेळासाठी! आणि सजद्यात! गरजणाऱ्या चाचांनी ही हदीस ऐकलेली असतेच. ऐकलेली असून आठवत नाही, कारण ती आपल्या बयानात फार कमी वेळा येते. आम्हाला बयानात मुलांची कर्तव्ये ऐकायला आवडतात, आणि खतीबसाहेबांनाही बापांचेच चेहरे समोर दिसत असतात.

हजरत अनस (रजि.) लहान वयात प्रेषितांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. ते सांगतात की त्या दहा वर्षांत मला कधी 'उफ' म्हटले नाही, हे का केलेस आणि ते का नाही केलेस असेही विचारले नाही. दहा वर्षे! आम्ही मुलाला भागाकार शिकवायला बसलो तर 'उफ' यायला चार मिनिटे लागत नाहीत. याच अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैर यांच्याकडे, एक छोटा पक्षी होता. तो मेला. प्रेषित (स.) त्या पोराला मोठ्या माणसासारखी 'अबू' लावून हाक मारत आणि यमक जुळवून त्या पक्ष्याची विचारपूस करत. ज्यांच्याकडे टोळ्यांचे तह, युद्धे आणि राजांची पत्रे येत होती त्यांना एका चिमणीएवढ्या पाखराची बातमी ठेवायला वेळ होता. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपचे अकरा ग्रुप आहेत.

आणि अकरा बिन हाबिस यांचा किस्सा तर बापांनी खिशात ठेवावा असा. हे टोळीचे सरदार. प्रेषितांनी नातवाचा मुका घेतलेला पाहून त्यांना नवल वाटले. म्हणाले, मला दहा मुले आहेत, मी कधी एकाचाही मुका घेतला नाही. त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही, बढाई म्हणून सांगितले. प्रेषितांनी त्यांच्याकडे पाहिले आणि सांगितले की जो दया करत नाही त्याच्यावर दया केली जात नाही. सरदारसाहेबांचा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल? आमच्या गल्लीत असे दोन-तीन सरदार अजून आहेत.

घरी असून न बोलणारा बाप हा एक प्रकार झाला. घरी नसलेला बाप हा दुसरा, आणि त्याची कहाणी वेगळी आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या मुस्लीम घरांत ती किमान तीन पिढ्यांची आहे. आधी आजोबा बोटीवर खलाशी. मग 1970 नंतर तेलाचा पैसा वाढला तसे बाप कुवैत, दुबई, मस्कत, सौदीला. दोन वर्षांचा करार, दोन महिन्यांची रजा. मोबाइल नव्हते त्या काळात आवाज कॅसेटमध्ये भरून पाठवत. गावाहून कोणी निघाला की त्याच्या सामानात खोबऱ्याच्या वड्या, सुकी मासळी आणि एक कॅसेट. कॅसेटवर आधी दादीचे रडणे, मग बायकोचे मोजून मापून चार शब्द, कारण खोलीत सगळे बसलेले असत. मग मुलाला पुढे ढकलत, "बोल ना, अब्बा ऐकतायत." मूल जे पाठ असेल ते म्हणे, सूरह फातिहा किंवा बाराचा पाढा. मागे कोंबडा आरवे. तिकडे एका खोलीत आठ-आठ माणसे राहत. ती सगळी तो बाराचा पाढा आणि तो कोंबडा पुन्हा पुन्हा ऐकत. पाढा एकाच्या मुलाचा असे, कोंबडा सगळ्यांच्या गावचा.

अशा घरांत एक प्रसंग इतक्या वेळा घडला आहे की त्यावर कोणाचाच हक्क नाही. बाप दोन वर्षांनी येतो. बॅगा उघडतात, चॉकलेट निघतात, घोंगड्यासारखी जाड ब्लँकेटे निघतात. रात्री झोपायच्या वेळी तीन वर्षांचे पोर आईला विचारते, "हे काका घरी कधी जाणार?" आई म्हणते, "अरे, ते तुझे अब्बा." पोर भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवते, "अब्बा तर तिथे आहेत." सगळे हसतात. बापही हसतो. ब्लँकेट नीट घडी करायला घेतो, आणि घडी बराच वेळ जमत नाही.

आज फोटोची जागा व्हिडिओ कॉलने घेतली. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इकडे पोरे जांभया देत असतात तेव्हा दम्मामचा बाप नुकता कामावरून सुटलेला असतो. तो मोबाइल टेबलावर उभा करायला लावतो आणि पडद्यातून संसार चालवतो. "पाय खाली घे. दूध संपव. ते मागे काय पडलंय? उचल ते." बायको म्हणते, इथे असता तर एवढे दिसले नसते. गंमत सोडा, पण यातले काही बाप शेजारच्या खोलीतल्या बापांपेक्षा मुलांच्या जवळ आहेत. त्यांना रोज विचारावे लागते, आज काय झाले? जवळ राहणाऱ्याला वाटते, आपल्याला माहीतच आहे.

माहीत किती असते, ते शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना पालकसभेत दिसते. सभेला पंचवीस आया येतात आणि तीन बाप. त्या तिघांतला एक चुकून आलेला असतो, त्याला दाखल्यावर सही हवी असते. आणि मुलांकडून वर्षभर सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य कोणते, तर "सर, अब्बांना नका सांगू." मार्क कमी पडले, अब्बांना नका सांगू. खो-खोच्या संघात निवड झाली, तरी अब्बांना नका सांगू!

नववीत एक मुलगी होती. हुशार, पण फळ्यावरचे उतरवताना सारखी शेजारणीच्या वहीत डोकावायची. शाळेत आरोग्य तपासणी झाली तेव्हा कळले की तिला दुसऱ्या बाकावरूनही फळा नीट दिसत नाही. विचारले, कधीपासून? म्हणाली, "सातवीपासून."

"घरी सांगितलं नाहीस?"

"अम्मीला सांगितलं होतं. पण अब्बांना सांगू नको म्हटलं."

"का? रागावतात?"

"नाही सर. थकून येतात."

तिच्या आईवडिलांना बोलावले. बाप रिक्षा चालवणारा, सरळ माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आलेला. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, "सर, पोरगी माझी फार शांत आहे. कधी काही मागत नाही, कधी काही बोलत नाही. मला कळणार कसं?"

मुलीची आई त्याच्याकडे बघतच राहिली. "ही? शांत? दिवसभर तोंड बंद नसतं हिचं. सगळ्या टीचर लोकांच्या नकला करून दाखवते. तुमची रिक्षा गल्लीत आली की गप्प होते."

तो माणूस काही बोलला नाही. समोर भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, त्यातले जिल्हे वाचत बसला. मग मुलीला विचारले, "नकला करतेस? कोणाच्या?" मुलीने आमच्याकडे पाहिले आणि ओढणीत तोंड लपवले. चष्मा दुसऱ्या दिवशी आला. साडेपाचशे रुपयांचा.

कुरआनात बाप आणि मुलांचे संवाद किती ठिकाणी आहेत, हे कधी तरी एका बैठकीत काढून वाचण्यासारखे आहे. सूरह यूसुफची गोष्टच अशी सुरू होते की एक मूल आपले स्वप्न सांगायला बापाकडे येते. अकरा तारे, सूर्य आणि चंद्र! आपल्याकडे एखादे पोर सकाळी असे स्वप्न घेऊन आले तर आम्ही म्हणू, "आधी दात घास." हजरत याकूब (अलै.) यांनी ते पूर्ण ऐकले, त्याचे मोल ओळखले आणि भावांना सांगू नकोस अशी खबरदारीही दिली. थोडे पुढे, सूरह साफ्फातमध्ये, उलटा प्रकार आहे. तिथे बाप मुलाला स्वप्न सांगतो. हजरत इब्राहीम (अलै.) यांना कुर्बानीचे स्वप्न पडले. नबीचे स्वप्न म्हणजे अल्लाहचा हुकूम. त्यात मुलाच्या पसंतीचा प्रश्न येतोच कुठे? तरी ते मुलाला सांगतात आणि त्याला विचारतात की तुझे काय मत आहे.

आम्ही मुलाला विज्ञान शाखेला घालताना विचारत नाही.

या दोन घरांत स्वप्ने दोन्ही बाजूंनी सांगितली जात होती. मुलगा बापाला, बाप मुलाला. आमच्या घरांत दोन्ही बाजूंनी जाते ते लाईट बिल. आणखी एक गोष्ट उर्दू-अरबी शिकणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येते. याकूब (अलै.), इब्राहीम (अलै.) आणि आपल्या मुलाला नसीहत करणारे हजरत लुकमान, हे तिघेही मुलाला एकाच शब्दाने हाक मारतात: 'या बुनय्या'. साधा 'मुला' नव्हे, त्याचे लाडके, छोटे रूप. आपल्या मराठीत 'बाळा' म्हणावे तसे. आणि चौथे हजरत नूह (अलै.). त्यांचा मुलगा ऐकत नव्हता, नौकेत बसायला तयार नव्हता, लाटा डोंगराएवढ्या उठत होत्या. तिथेही त्यांनी हाक मारली ती 'बाळा' म्हणूनच. आमच्या मुलाने दुधाची पिशवी आणायला दहा मिनिटे उशीर केला तर आम्ही जी हाक मारतो ती या मासिकात छापता येणार नाही.

कोणी म्हणेल, मास्तर, मुलांना एवढे डोक्यावर घेतले तर धाक राहील कुठे? धाक हवाच. नमाज, खोटे बोलणे, मोठ्यांशी उद्धटपणा, रात्री कोणाबरोबर आणि कुठे, इथे बापाची जीभ मऊ पडून चालत नाही. पण आम्ही धाकाची सगळी पुंजी चपला वाकड्या ठेवण्यावर आणि पंखा चालू ठेवण्यावर उधळतो. खरी वेळ येते तेव्हा खाते रिकामे असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी ऑनलाइन जुगाराच्या नादाला लावले, किंवा मुलीला कोणी अनोळखी माणूस फोनवर सतावू लागला, तर त्यांनी पहिल्यांदा कोणाकडे यायचे? ज्याच्या येण्याने घर गप्प होते त्याच्याकडे ती येत नाहीत. ती मित्राकडे जातात, आणि मित्रही पंधराच वर्षांचा असतो.

अलीकडे आमच्यातल्या काही बापांनी एक प्रयोग सुरू केला आहे. इशानंतर दस्तरखान उचलला की अर्धा तास टीव्ही नाही, फोन नाही, आणि अभ्यासाचा एकही प्रश्न नाही. ही तिसरी अट सर्वांत कठीण. पहिल्या दिवशी तर सगळे एकमेकांकडे पाहत बसले, जणू रेल्वेच्या डब्यात. शेवटी घड्याळाकडे पाहून बापाने विचारलेच, "मग? अभ्यास..." आणि बायकोने डोळे वटारले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांनी तोंड उघडले. पहिली नक्कल झाली ती बापाचीच. फोनवर गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा आणि फोन ठेवल्यावर वेगळेच बोलणारा बाप इतका हुबेहूब उतरला की दादीला ठसका लागला.

एका घरात आठवीतल्या मुलीने विचारले, "अब्बा, तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं?" असा प्रश्न त्या माणसाला बेचाळीस वर्षांत कोणी केला नव्हता. तो किराणा दुकान चालवतो. बराच वेळ तो दस्तरखानावरची ब्रेडची चुरी गोळा करत राहिला. मग म्हणाला, "फास्ट बोलर." श्रीरामपूरचा झहीर खान भारताकडून खेळू लागला त्या वर्षी तो कॉलेजात होता. आपल्या बाजूच्या गावचा पोरगा टीव्हीवर बघून याच्याही हाताला खाज सुटली. दोन मोसम तालुक्याच्या संघाकडून खेळला. मग वालिदसाहेबांना लकवा झाला आणि दुकानावर बसावे लागले. हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हते. लग्नाला अठरा वर्षे झाली होती.

मुले उठलीच. आत्ताच्या आत्ता रन-अप दाखवा. रात्रीचे साडेनऊ. गल्लीतल्या दिव्याखाली लुंगी वर खोचून हा माणूस पंधरा पावले मागे गेला. मुलाने प्लास्टिकचा चेंडू दिला, मुलीने बादली पालथी घालून यष्ट्या केल्या. दुकानदार धावत आला, अगदी डावखुऱ्या झहीरसारखी उडी घेतली, आणि लुंगीने साथ सोडली. चेंडू बादलीला लागला नाही. तो समोरच्या हाजीसाहेबांच्या खिडकीतून आत गेला. हाजीसाहेब बाहेर आले आणि गरजले, "किसका बच्चा है ये?"

"हमारे अब्बा हैं!" दोन्ही पोरे एकदम ओरडली.